व्याह्यांच्या गाडीला दोन थेंब जास्त

आमच्या ह्यांना वास येत नाही, हे मला लग्नाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही हे हातात पेटलेली काडी धरून बसलेले असताना. या गोष्टीला चार महिने होऊन गेले. अजूनही भांडी घासता घासता माझा हात मधेच थांबतो आणि तोंडातून निघून जातं, ‘बाई गं, दीड वर्षं!’

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? वय झालं की कुणाचे कान जातात, कुणाचे गुडघे. खरं आहे. पण आमच्या ह्यांचं सगळं दुकानच नाकावर चाललेलं होतं. घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याचं गॅरेज आहे, तिथे हे जुन्या गाड्या दुरुस्त करतात. जुन्या म्हणजे कार्बोरेटरच्या. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मोजून पाजणारं मूठभर भांडं ते. नव्या गाड्यांत ते नसतंच, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या गाड्याही निवृत्त आणि त्यांचे मालकही निवृत्त. याच मंडळींनी ह्यांचं नाव ‘नाकवाले’ पाडलं. पेट्रोल कुठून गळतंय ते कळेनासं झालं की दुसरे मिस्त्रीसुद्धा सांगायचे, ‘नाकवाल्यांना दाखवा.’

दाखवायचं म्हणजे कसं, तेही सांगते. गाडी आत आली की इंजिन बंद, बॉनेट वर. हे हात मागे बांधणार, डोळे मिटणार, वाकणार आणि तीनदा हुंगणार. मालक बिचारा श्वास रोखून उभा. मग हे सरळ होऊन म्हणणार, ‘पंपाकडची रबरी नळी तडकलीय,’ नाहीतर ‘कार्बोरेटरच्या वाटीचं पॅकिंग गेलंय.’ पान्याला हात त्यानंतर. लग्न झालं तेव्हा मला हे निव्वळ सोंग वाटायचं. एकदा तसं बोललेही. तर म्हणाले, “धुराच्या गरम पाइपवर पडलेलं पेट्रोल दिसत नाही. पडल्या पडल्या उडून जातं. डोळ्यांना कळेपर्यंत गाडी पेटलेली असते. नाकाला आधी कळतं.”

घरात मात्र त्या नाकाने मला जीव नकोसा केला होता. दूध जरा भांड्याला लागलं की चहाचा कप न उचलताच मागे सरकवायचे. “दूध लागलंय.” बस, दोन शब्द. ओरडणं नाही, आदळआपट नाही, पण कप भरलेला तसाच परत. उशीचा अभ्रा नीट वाळला नसेल तर रात्री उठून बदलायला लावायचे. मुलीने मैत्रिणीकडे नेलपॉलिश लावलं तर ह्यांना ती जिन्यात असतानाच कळायचं. मी चिडून म्हणायचे, “देवाने तुम्हाला माणसाचा देह चुकून दिला.” हे हसायचे. त्या नाकाचा भारी अभिमान होता ना!

त्या काडीच्या दिवसाआधी दीड वर्ष ह्यांना ताप आला. चांगला अकरा दिवस. उठले ते वजन घटवून आणि, मला वाटलं, स्वभाव बदलून. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून दूध चांगलंच करपलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, “दूध लागलंय हो आज.” हे म्हणाले, “असू दे.” आणि सगळा कप प्यायले! मी दोन मिनिटं तिथेच उभी. मग हे रोजचंच झालं. अभ्रा दमट, असू दे. कपाटात कुबट वास, असू दे. मी मनात म्हटलं, मरणाच्या दारातून परत आला की माणूस निवळतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सुखात होते. पण एक दिवस सकाळी साडेदहाला हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “आजपासून माझा चहा गॅरेजमध्ये आण. तुझाही आण. बसू जरा.” अहो, मला छत्तीस वर्षांत कुणी ‘बसू जरा’ म्हटलं नव्हतं! आधी स्टूल होतं. मग माझी पाठ दुखते म्हणून ह्यांनी भंगारातल्या एका गाडीची पुढची सीट काढली, तिला लोखंडी पाय वेल्डिंग केले, वर नवं कापड शिवून आणलं. मागे रेलायची पट्टीसुद्धा तशीच ठेवली, म्हणजे वाटेल तेव्हा आडवं होता यावं. मी त्यावर महाराणीसारखी बसायचे. समोर बॉनेट उघडलेलं, हातात कप, आणि हे मला विचारायचे, “काय म्हणतेस?” मी म्हणायचे, “शी! काय हा पेट्रोलचा वास!” हे मान डोलवायचे. शेजारीण माझी थट्टा करायची, “म्हातारपणी रंगात आलेत हं तुमचे.” मी वरवर रागवायचे आणि आतून फुलून यायचे. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

आता व्याह्यांच्या गाडीचं सांगते. मुलीचे सासरे निवृत्त हेडमास्तर. त्यांची निळी गाडी त्यांच्या नोकरीइतकीच जुनी, आणि तिच्यावर त्यांचा जीव. मुलगी आणि दहा महिन्यांची नात आमच्याकडे तीन आठवडे राहायला होत्या, त्यांना न्यायला व्याही आले ते ती गाडी घेऊनच. आल्या आल्या म्हणाले, “नाकवाले, पेट्रोल फार पितेय हो. आणि वासही येतो.” ह्यांनी बॉनेट उघडलं, हात मागे बांधले, तीनदा हुंगलं. मी शेजारीच चहा घेऊन उभी. माझ्या तोंडून नेहमीप्रमाणे निघालं, “अगं बाई, केवढा वास!” हे लगेच म्हणाले, “कार्बोरेटर.” व्याह्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मीही मान ताठ केली, जसं काही ते नाक मीच पदरात घालून आणलं होतं.

दोष होता फ्लोटमध्ये. फ्लोट म्हणजे लिंबाएवढी पितळेची पोकळ डबी. वाटीत पेट्रोल भरत आलं की ती तरंगत वर येते आणि पेट्रोलची वाट बंद करते. पाण्याच्या टाकीतला चेंडू करतो तेच काम. ह्यांनी ती काढून व्याह्यांच्या कानाशी हलवली. आत खुळखुळ. म्हणजे डबीला भोक पडून पेट्रोल आत शिरलेलं. मग माझ्याकडून कढत पाणी मागवून ती त्यात बुडवली, तर सांध्याजवळून बारीक बुडबुडे निघाले. व्याही लहान मुलासारखे वाकून बघत होते. ह्यांनी भोक शोधलं, आतलं पेट्रोल काढलं, सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, भोक बुजवलं. आणि मग म्हणाले, “व्याह्यांची गाडी आहे, दोन थेंब जास्त टाकतो.” व्याही म्हणाले, “वा!” ते दोन थेंब लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मी उठले तीच बंद नाकाने. चोंदलं म्हणजे इतकं की तोंडाने श्वास घ्यावा लागत होता. पण बोलले नाही. सर्दी म्हटलं असतं तर लेकीने बाळाला माझ्याजवळ फिरकू दिलं नसतं, आणि शेवटच्या दिवशी नातीला मांडीवर घ्यायचं सोडून मी लांब बसू की काय? पदर तोंडावर घेऊन वावरत राहिले. साडेदहाला नेहमीसारखा चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले. गाडीचं इंजिन चालू, बॉनेट उघडं. ह्यांनी विचारलं, “काय म्हणतेस?” मी म्हटलं, “काय म्हणायचंय? निघतायत म्हणून घर आताच रिकामं वाटतंय.” ह्यांनी बॉनेट लावलं आणि व्याह्यांना म्हणाले, “घ्या, गाडी ठणठणीत.” पिशव्या भरल्या, नातीचा पापा घेतला, गाडी कोपऱ्यावरून वळली.

मी आत येऊन वाफ घेतली. पाच-दहा मिनिटांनी एक नाकपुडी मोकळी झाली. कप राहिलेत म्हणून परत गॅरेजमध्ये गेले, तर दारातच पेट्रोलचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि समोर काय बघते? व्याह्यांच्या कार्बोरेटरमधून आदल्या दिवशी काढलेल्या पेट्रोलचा डबा उघडा, त्याच्यापासून हातभर अंतरावर हे सोल्डरची सळई तापवायच्या स्टोव्हपुढे बसलेले, आणि नुकतीच ओढलेली काडी हातात!

मी काय केलं ते मला नंतर आठवून आठवून जोडावं लागलं. सीटच्या दांडीवर माझा अर्धा राहिलेला चहा होता, तो मी त्यांच्या हातावर फेकला. काडी विझली. सदरा भिजला. डब्यावर मी तिथली लाकडी फळी टाकली आणि किंचाळले, “अहो, नाक आहे की नाही? एवढा वास येत नाही?”

हे ओल्या हाताकडे बघत म्हणाले, “नाही.”

“नाही काय नाही? अख्खं गॅरेज घमघमतंय!”

“मला कसलाच वास येत नाही. त्या तापापासून.”

धक्का बसला, असं आपण बोलतो. मला तेव्हा कळलं तो कसा बसतो. आधी काही वाटतच नाही. कानात एक शांतता भरते. मग एकेक गोष्ट येऊन आदळायला लागते. करपलेलं दूध. ‘असू दे.’ दमट अभ्रा. ‘असू दे.’ आणि सगळ्यात शेवटी, ‘आजपासून तुझाही चहा गॅरेजमध्ये आण.’

“म्हणजे मी...” मी म्हटलं. “रोज मी इथे बसून शी म्हणायचे...”

“तू शी म्हटलंस की मला कळायचं,” हे म्हणाले. “कुठल्या बाजूला तोंड वाकडं करतेस त्यावरून कुठे गळतंय तेही कळायचं.”

दीड वर्षं मी ज्याला माया समजून मिरवत होते, ते माझं नाक होतं! मला रडायचं होतं, भांडायचं होतं, तो पाना उचलून काहीतरी फोडायचं होतं. पण तेवढ्यात त्याहून मोठं काहीतरी डोक्यात उजाडलं.

“अहो,” मी म्हटलं, “आज मी काहीच बोलले नाही.”

“म्हणून तर सोडली गाडी.”

“मला सर्दी झालीय!”

“कधी?” हे असे दचकले की स्टोव्ह आडवा झाला.

“आज सकाळी! लेक बाळाला देणार नाही म्हणून बोलले नाही.”

गाडी उभी होती त्या जागेवर हे गुडघे टेकून बसले. आमच्या गॅरेजची जमीन वर्षानुवर्षं तेल पिऊन काळीकुट्ट झालेली, तिच्यावर ओलं काय नि कोरडं काय. ह्यांनी तळहाताने चाचपायला सुरुवात केली. एका जागी हात थांबला. “गार लागतंय,” म्हणाले. पेट्रोल बोटाला पाण्यापेक्षा गार लागतं. मी वाकून हुंगलं आणि मान हलवली. कार्बोरेटरच्या बरोबर खाली, गरम पाइपच्या बरोबर खाली.

मुलीला फोन लावला. तो आमच्याच पलंगावर वाजला. तिथेच विसरली होती. व्याह्यांना लावला, वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हे त्यांचं तत्त्व. आणि त्यांच्या तत्त्वांची यादी मला पाठ होती. तीसच्या वर काटा नाही, हे दुसरं. गाडीत बाळ असताना सिगारेट नाही, हे तिसरं. त्यामुळे सिगारेटसाठी थांबायचं ते वाटेतला चढ संपल्यावर, पाण्याच्या टाकीजवळ. आणि थांबल्यावर बॉनेट उघडून ठेवायचं. म्हणायचे, इंजिनालाही मोकळा श्वास घेऊ द्यावा. म्हणजे उघडं बॉनेट, तापलेला पाइप, त्यावर झिरपणारं पेट्रोल आणि काडी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांपुढे तेच चित्र होतं.

स्कूटर काढली. मिस्त्रीच्या घरची स्कूटर ती, हॉर्न वर्षभर बंद आणि आरसा दोरीने बांधलेला. मी मागे बसले, एका हाताने ह्यांचा सदरा धरलेला, दुसऱ्या हाताने हत्यारांची पिशवी. अडतीस वर्षांत ह्यांनी कधी चाळीसच्या वर काटा नेला नव्हता. त्या दिवशी काटा कुठे होता मी पाहिलंच नाही. मला ह्यांचा इतका राग आला होता आणि लेकीची, नातीची इतकी काळजी वाटत होती, की दोन्ही एकाच वेळी कसं मावलं देव जाणे.

चढ संपला. टाकी दिसली. निळी गाडी, बॉनेट वर. व्याही त्या बॉनेटशी रेलून उभे, तोंडात सिगारेट, आणि हात खिसे चाचपत होते. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, “काडी नको! काडी ओढू नका!” त्यांना काय ऐकू गेलं कोण जाणे. आम्हाला बघून त्यांचा चेहरा खुलला. काड्यांची पेटी सापडली होती, तीच वर धरून त्यांनी आम्हाला हात हलवला.

ह्यांनी स्कूटर चालू असतानाच सोडली. अक्षरशः सोडली. मी पिशवीसकट रस्त्याच्या कडेला पडले आणि हे धावले. बासष्ट वर्षांचा माणूस धावला आणि त्याने एका हेडमास्तरांच्या हातातली पेटी हिसकावून शेतात भिरकावली. मग तोंडातली सिगारेटही काढून घेतली. व्याह्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मुलगी बाळाला घेऊन झाडाखाली उभी होती. मी लंगडत जाऊन दोघींना इतकी घट्ट धरलं की बाळ रडायला लागलं. मुलगी म्हणाली, “आई, काय झालं? तुझ्या कोपराला रक्त आलंय.”

“तुला गाडीत वास येत होता का?” मी विचारलं.

ती म्हणाली, “येत होता. निघाल्यापासून. मी काचा खाली केल्या.”

“मग बोलली का नाहीस?”

“बाबांनी गाडी बघितली होती ना,” ती म्हणाली. “मला वाटलं, मलाच भास होतोय.”

व्याही तिकडून म्हणाले, “मलाही येत होता. पण नाकवाल्यांनी ठणठणीत म्हटल्यावर...”

मला काडी बघून जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा हे ऐकून बसला. दोन धडधाकट माणसं, दोन उत्तम नाकं, आणि बाळाला मांडीवर घेऊन पेट्रोलच्या वासात बसली होती, कारण ज्याला वास येत नाही त्याने सांगितलं होतं की वास नाही.

ह्यांनी तेही ऐकलं. बॉनेटपुढे उभे होते, हात मागे बांधायची सवय म्हणून मागे गेलेले. ते त्यांनी पुढे घेतले. मला वाटलं होतं, आता काहीतरी सावरून नेतील, पॅकिंग सैल झालं म्हणतील, व्याह्यांसमोर नाक कापून घ्यायला कुणाला आवडतं? पण हे सरळ म्हणाले, “मला वास येत नाही, हेडमास्तर. दीड वर्ष झालं. कुणालाच सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही. हिच्या नाकावर धंदा चालवला. आज हिचं नाक बंद होतं.”

व्याह्यांनी एकदा झाडाखालच्या बाळाकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “आणि तुम्ही माझ्या नातीला त्या गाडीत बसवलंत?”

“हो,” हे म्हणाले. “आपल्या नातीला.”

इंजिन गार होऊ दिलं. अर्ध्या तासाने ह्यांनी कार्बोरेटर फडक्याने लख्ख पुसला आणि मुलीला म्हणाले, “बाळाची पावडर आहे?” तिने बॅगेतून डबा काढून दिला. ह्यांनी ती पावडर त्या काळ्या लोखंडावर सगळीकडे भुरभुरली, तेव्हा मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. व्याह्यांना म्हणाले, “एकदाच चालू करा, मी हात केला की बंद.” इंजिन सुरू झालं. पांढऱ्या पावडरीवर वरच्या बारीक भोकापाशी एक ओला ठिपका उमटला, तो लांबत गेला आणि एक काळी रेघ सरळ खाली पाइपकडे निघाली. ह्यांनी हात केला. पॅकिंग कोरडं, नळी कोरडी. पेट्रोल वाटीतून ओसंडून वरून येत होतं. ते सगळ्यांना दिसलं, अगदी मलाही. हुंगायचं काही कामच नव्हतं.

मग फ्लोट काढला. व्याह्यांच्या थर्मासचं झाकण मागून घेतलं, त्यात पेट्रोल ओतलं आणि फ्लोट सोडला. डबीचा मधला सांधा पेट्रोलच्या वर राहायला हवा, तो खाली बुडालेला. ह्यांनी डबी उलटी केली. तिच्या अंगावर सोल्डरचा हा एवढा गोळा. व्याह्यांची गाडी म्हणून टाकलेले दोन थेंब! त्या वजनाने डबी उशिरा वर येत होती, आणि तोवर पेट्रोल ओसंडत होतं.

“फ्लोट बसवायच्या आधी मी नेहमी असा तरंगवून बघतो,” हे कुणाकडेही न बघता म्हणाले. “परवाच्या दिवसापर्यंत बघत होतो. काल नाही बघितला. म्हटलं, काही राहिलं तर उद्या चहाच्या वेळी कळेलच.”

मग कानशीने तो गोळा घासायला बसले. मधून मधून डबी झाकणात सोडायचे, सांधा बघायचे, परत घासायचे. चौथ्या वेळी सांधा वर आला. सगळं बसवलं, पुन्हा पुसलं, पुन्हा पावडर. इंजिन पाच मिनिटं चालवलं. पावडर पांढरीच राहिली. ह्यांनी मला हाक मारली नाही. मीच जाऊन हुंगलं. काही नव्हतं.

व्याही म्हणाले, “सून आणि बाळ बसने येतील. गाडीत मी एकटा बसेन.” त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आम्ही लेकीला बसमध्ये बसवलं, आणि हे पुढच्या गावापर्यंत स्कूटरवरून त्या गाडीच्या मागे मागे गेले. मी टाकीजवळच्या दगडावर बसून राहिले. तासाभराने हे परत आले आणि म्हणाले, “चल.” घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. रात्रीही नाही. व्याह्यांचा संध्याकाळी फोन आला, तोही एकाच वाक्याचा. “पोचलो, वास नव्हता.”

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले. मी चहा केला नाही. गॅरेजमध्ये कुणीतरी आलं होतं, आणि ह्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला, “मला वास येत नाही. पावडर टाकून शोधतो. चालत असेल तर ठेवा गाडी.” गाडी निघून गेल्याचा आवाज आला. पुढे त्या आठवड्यात असं आणखी दोनदा झालं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण उठून जाववलं नाही.

त्याच दिवशी अकरा वाजता हे दारात येऊन उभे राहिले. “चहा आणला नाहीस?”

“आता पावडर आहे ना,” मी म्हटलं. “माझं काय काम? नाकच हवं होतं तुम्हाला. दीड वर्षं मी वेड्यासारखी नटून येत होते तिथे. केस विंचरून येत होते. एकदा सांगायचं तरी होतं, की बाई, तुझं नाक दे जरा!” आणि मग मला रडू आलं. काल नातीला मिठी मारतानाही आलं नव्हतं, ते आता आलं.

हे उंबऱ्यातच उभे. रडणाऱ्या बाईपुढे काय करावं हे ह्यांना तसंही कधी कळलं नाही. मग म्हणाले, “आधी नाकासाठीच बोलावलं. ते खोटं नाही.”

मी डोळे पुसत राहिले.

“पण वास बघायला दोन मिनिटं लागायची. तू अर्धा तास बसायचीस. मी कधी ऊठ म्हटलं?”

मी पदराने नाक पुसलं.

“आणि नाकापुरतंच असतं,” हे म्हणाले, “तर स्टूल पुरलं असतं.”

एवढं बोलून पुढच्या दाराने गॅरेजमध्ये निघून गेले. मी दूध तापायला ठेवलं. मन ठिकाणावर नव्हतं, त्यामुळे ते लागलं. तसाच चहा केला, दोन कप भरले आणि घेऊन गेले. सीटवरची धूळ पुसलेली होती. मी बसले आणि कप त्यांच्यापुढे धरून म्हटलं, “दूध लागलंय.”

ह्यांनी कप घेतला. “असू दे,” म्हणाले. मग कप खाली ठेवला आणि विचारलं, “फार लागलंय का गं? सांग ना, कसं लागतं ते.”